चष्मेवाल्यांचा खड्डा

चष्मेवाल्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं, आणि वाईट वाटेल असं खरंही कुणाला सांगितलं नव्हतं. गोल गरगरीत चेहऱ्याच्या एखाद्या बाई तितकीच गोल फ्रेम चढवून आरशासमोर उभ्या राहिल्या की दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना हसू आवरायचं नाही. चष्मेवाले मात्र मान तिरकी करून म्हणायचे, "छान दिसतेय. फक्त नाकावर जरा ॲडजस्ट करून देतो." मग ते चिमट्याने काहीतरी वाकवल्यासारखं करायचे, आणि बाई समाधानाने, होत्या त्याहून गोल होऊन बाहेर पडायच्या.

त्यांची बायको याच्या अगदी उलट. ती त्याच दुकानात आतल्या खोलीत डोळ्यांचा नंबर तपासायची. भिंतीवरची खालची ओळ वाचताना एखादा गृहस्थ अंदाजाने अक्षरं ठोकून द्यायला लागला की ती लगेच थांबवायची. "अंदाज नको. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. त्यात कसली लाज?" लोक तिला थोडे घाबरायचे, पण नंबर तिच्याकडूनच काढून घ्यायचे. संसार आणि दुकान दोन्ही असं चाललं होतं. ती खरं सांगायची आणि हे नंतर बाहेर येऊन समजूत काढायचे.

अशा माणसाला शॉपिंग सेंटरच्या दुकानदार संघाचा सेक्रेटरी न करतील तर ते दुकानदार कसले! चष्मेवाले एका बैठकीला सर्दीमुळे गेले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी उठून बघतात तो सेक्रेटरी झालेले. तेव्हापासून ते पद त्यांच्या गळ्यातच होतं. संघाचा कारभार एकमताने चालायचा. एकमत म्हणजे सगळे गप्प बसले की चष्मेवाल्यांनी "सगळ्यांचं असं म्हणणं आहे की" अशी सुरुवात करून ज्याचा आवाज मोठा त्याचं म्हणणं सांगायचं. मोठा आवाज बहुतेक वेळा दातांच्या डॉक्टरांचा असायचा. दिवसभर समोरच्याचं तोंड उघडं आणि बोलणं बंद, याची त्यांना सवय झाली होती.

सेंटरच्या पुढे डांबरी पार्किंग होतं. होतं म्हणजे, एके काळी ते डांबरी होतं. मालाचे जडशीळ ट्रक, खाली मुरणारं पाणी आणि वर्षानुवर्षांची डोळेझाक यांनी त्याच्यावर आधी जाळीसारख्या भेगा पडल्या, मग जाळीचे तुकडे निघाले, आणि एके दिवशी चष्मेवाल्यांच्या दारासमोर पहिला खड्डा पडला. चष्म्याच्या दुकानात येणारी माणसं मुळात नीट दिसत नाही म्हणून येतात. त्यांच्या वाटेत खड्डा म्हणजे काय ते निराळं सांगायला नको. चष्मेवाल्यांनी दोन दिवस विचार केला. सेंटरच्या मालकीणबाईंना कळवावं, तर त्यांना वाईट वाटेल. पाटी लावावी, तर गिऱ्हाईक बिचकेल. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपली गाडी आणून बरोबर खड्ड्यावर उभी केली. खड्डा दिसेनासा झाला आणि कोणी पडेनासं झालं. चष्मेवाल्यांच्या मते प्रश्न सुटला.

ही युक्ती इतकी सोपी होती की ती पसरायला वेळ लागला नाही. बेकरीवाल्यासमोर खड्डा पडला तशी त्याचीही गाडी त्यावर आली. मग डॉक्टरांची, मग ड्रायक्लीनिंगवाल्या बाईंची. पुढे पुढे याला रीतीचं रूप आलं. सकाळी दुकान उघडण्याआधी प्रत्येकाने येऊन आपापला खड्डा झाकायचा. दुसऱ्याच्या खड्ड्यावर गाडी लावली तर भांडण व्हायचं. बेकरीवाल्याचा खड्डा वाढत वाढत गाडीच्या बाहेर डोकावायला लागला तेव्हा त्याने खड्डा बुजवला नाही, गाडी बदलली आणि मोठी घेतली. सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं. नवा भाडेकरू आला की चष्मेवाले त्याला दुकानाची किल्ली द्यायचे, पाण्याची तोटी दाखवायचे आणि शेवटी आवाज खाली आणून त्याचा खड्डा दाखवायचे. गिऱ्हाइकांच्या गाड्या मात्र बाहेर रस्त्यावर लागायच्या, कारण गिऱ्हाइकांसाठी बांधलेलं पार्किंग खड्डे झाकण्यात गुंतलेलं होतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एक दिवस चष्मेवाल्यांची गाडी ब्रेकच्या कामासाठी गॅरेजमध्ये गेली. त्या दिवशी त्यांची बायको जेवणाचा डबा हातात घेऊन दुकानाकडे येत होती. गाडीखालचा खड्डा ती केव्हाच विसरून गेली होती. रोज जिथे गाडी असते तिथे आज गाडी नाही, म्हणजे वाट मोकळी, असं समजून ती सरळ चालत आली आणि सरळ खड्ड्यात गेली. डबा एकीकडे, चष्मा एकीकडे. पायाचं हाड मोडलं ते मोडलंच. प्लास्टर निघाल्यावरही चाल पहिल्यासारखी झाली नाही.

आणि इथे चष्मेवाल्यांनी ते केलं जे त्यांना जमत होतं. ती पडली तेव्हा टळटळीत दुपार होती, दुकानांची शटरं अर्धी खाली होती, आसपास कोणी नव्हतं. संध्याकाळी बेकरीवाल्याने विचारलं, "वहिनींना काय झालं हो?" चष्मेवाल्यांच्या डोळ्यांपुढे सेंटरचं नाव, संघाचं नाव, डॉक्टरांचा चढलेला आवाज असं सगळं येऊन गेलं. ते म्हणाले, "घरी जिन्यावरून पडली."

झालं. हळहळ करायला आलेला प्रत्येक जण आधी जिन्याकडे बघायचा. जिना बिचारा धडधाकट होता. पण लोकांनी सल्ले दिले, मेव्हण्याने ओळखीचा फॅब्रिकेटर पाठवला, आणि चष्मेवाल्यांना त्या निरपराध जिन्याला स्टीलचा कठडा बसवून घ्यावा लागला. पायऱ्यांवर रबरी पट्ट्याही लागल्या. जिथे ती पडली नव्हती तिथली दुरुस्ती अशी अगदी पक्की झाली.

बायको पलंगावर पडून ड्रिलचा आवाज ऐकत होती. कामगार गेल्यावर तिने विचारलं, "मी जिन्यावरून पडले का हो?"

"अगं, लोकांना काय सांगायचं? उगीच बोभाटा."

"मी काय विचारतेय? मी कुठे पडले?"

चष्मेवाले उशी सारखी करायला लागले. ती म्हणाली, "ती जागा खणून नीट होईपर्यंत मी दुकानात पाऊल टाकणार नाही."

तिने शब्द पाळला. चालायला लागली, बाजारात गेली, बहिणीकडे राहून आली, पण दुकानात नाही. चष्मेवाल्यांनी नंबर तपासायचं एक यंत्र आणलं. यंत्र नंबर बरोबर सांगायचं, पण अंदाज ठोकणाऱ्याला दम देत नसे. आतल्या खोलीत तिची खुर्ची रिकामी होती. दुपारी एकटेच जेवताना चष्मेवाल्यांना वाटायचं की आता तिच्यापाशी जाऊन सगळं कबूल करावं. संध्याकाळी घरी गेल्यावर ते भाजी काय आहे एवढंच विचारायचे. त्यांना ती दुकानात परत हवी होती. याहून जास्त त्यांना आयुष्याकडून काही नको होतं, आणि त्यासाठी करायचं होतं ते एकच काम त्यांना येत नव्हतं.

अशात मालकीणबाईंचा निरोप आला. सगळं सेंटर त्यांच्या मालकीचं. वय झालेलं, गुडघे धरलेले, त्यामुळे त्या फारशा फिरकत नसत. निरोप असा होता की पार्किंगचं काम करायचं आहे. नुसतं वरचं डांबर झिजलं असेल तर वर नवा थर द्यायचा. खालचा खडीचा पायाच खचला असेल तर सगळं उखडून नव्याने करायचं. इंजिनियर येऊन तपासतील आणि सांगतील ते करू. "पण एकदाच करीन," त्यांनी मुद्दाम सांगितलं होतं. "पुन्हा माझ्याकडे यायचं नाही."

चष्मेवाल्यांना त्या दिवशी जेवण गोड लागलं. इंजिनियर खड्डे बघेल, खणा म्हणेल, आणि आपल्याला तोंड न उघडताच सगळं होऊन जाईल. त्यांनी लगेच बैठक बोलावली.

"थर द्या, मोकळे व्हा," डॉक्टर म्हणाले. "थर दोन दिवसांत होतो. उखडायला घेतलं तर महिनाभर गिऱ्हाईक फिरकणार नाही." किडलेला दात कोरून साफ केल्याशिवाय त्यावर सिमेंट भरू नये, हे डॉक्टर रोज आपल्या पेशंटला घसा फोडून सांगायचे. चष्मेवाल्यांच्या ते अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी ओठ मिटून घेतले.

"इंजिनियर येतील त्या दिवशी गाड्या मात्र काढून ठेवू या," एवढं ते म्हणाले. "म्हणजे त्यांना नीट बघता येईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकमत झालं.

तपासणीच्या सकाळी प्रत्येकाने मनाशी एकच विचार केला. बाकीचे गाड्या काढतीलच. मग माझाच खड्डा कशाला चव्हाट्यावर आणा? भाड्याचे करार नवे व्हायचे होते, आणि मालकीणबाईंपुढे सगळ्यात मोठा खड्डा आपला निघावा असं कोणालाच वाटत नव्हतं. त्यामुळे बेकरीवाल्याची मोठी गाडी जागेवर होती. डॉक्टरांची होती. ड्रायक्लीनिंगवाल्या बाईंनी तर स्कूटरसुद्धा आडवी लावून कोपरा झाकला होता.

आणि चष्मेवाले? त्यांनी गाडी मागच्या गल्लीत लावायचं पक्कं ठरवलं होतं. पण इंजिनियरांना कसं सांगावं, बायको पडली हे न सांगता खड्डा धोक्याचा आहे हे कसं पटवावं, याची जुळवाजुळव करत ते गाडी चालवत होते. भानावर आले तेव्हा हँडब्रेक ओढलेला होता आणि गाडी नेहमीच्या जागी, खड्ड्याच्या बरोबर डोक्यावर होती. हात आपलं काम करून मोकळे झाले होते. ते पुन्हा किल्ली फिरवणार तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. इंजिनियर वेळेआधी आले होते.

इंजिनियर तरुण आणि कामसू होता. त्याने फीत टाकून मोजमाप घेतलं, हातोडीने डांबर ठोकून बघितलं, मधल्या मोकळ्या वाटेवर यंत्राने गोल भोक पाडून डांबराचा नमुना काढला. मग कमरेवर हात ठेवून त्याने गाड्यांकडे बघितलं. "या गाड्या?"

चष्मेवाल्यांनी मागे वळून बघितलं. डॉक्टर दारात उभे होते. "या," चष्मेवाले म्हणाले, "इथेच असतात. तुम्ही चहा घेणार ना?"

चहा झाला. आठवड्याने रिपोर्ट आला. मोकळ्या भागात किरकोळ भेगा आहेत, पाया मजबूत आहे, नवा थर पुरेसा आहे. शेवटी बारीक अक्षरांत एक वाक्य होतं: 'वाहनांखालील भागही समाधानकारक असावा.' त्या 'असावा' वर अख्खं सेंटर खूश झालं. चष्मेवाल्यांनी ते वाक्य चष्मा काढून वाचलं, घालून वाचलं, पण ते तेच राहिलं.

घरी बायकोने ताट वाढताना विचारलं, "ठरलं का? खणणार?"

"काम सुरू होतंय," चष्मेवाले म्हणाले.

"खणणार का, ते विचारलं."

"बघतायत." एवढं बोलून त्यांनी घास तोंडात घातला आणि तो बराच वेळ चावला. तिने पुन्हा विचारलं नाही. तिने पुन्हा विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना नंतर बिछान्यावर पडल्या पडल्या वाटलं. तिच्याशी खोटं बोलणं आणि तिने ते ओळखून गप्प बसणं, यातलं दुसरं जास्त लागत होतं.

थर द्यायच्या दिवशी गाड्या काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एकेक गाडी हलली आणि पार्किंग प्रथमच सगळ्यांना उघडं दिसलं. काय ते दृश्य! जिथे गाड्या होत्या तिथे सगळीकडे खड्डेच होते. कुठे खडी वर आलेली, कुठे डांबर पापुद्र्यासारखं उचललेलं, चष्मेवाल्यांच्या दारासमोर तर चक्क गढूळ पाणी साचलेलं. दुकानदार पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. प्रत्येकाची नजर शेजाऱ्याच्या खड्ड्यावर होती आणि चेहऱ्यावर थोडं समाधान होतं, की आपल्यापेक्षा याचा मोठा आहे.

नेमक्या मालकीणबाई काम बघायला आल्या होत्या. काठी टेकत त्या चष्मेवाल्यांच्या खड्ड्यापाशी आल्या आणि काठी पाण्यात बुडवून बघितली. काठी बरीच आत गेली. त्यांनी हात वर करून रोलर थांबवायला लावला.

"हे रिपोर्टात नव्हतं," त्या म्हणाल्या.

"मी आलो तेव्हा हे दिसलं नव्हतं मॅडम," इंजिनियर म्हणाला, आणि ते खरंच होतं.

"नवीन पडले असतील," डॉक्टर पुढे झाले. "हवेचा परिणाम. एकदम पडतात असे कधी कधी. खडी टाकून भरायचे आणि वरून थर फिरवायचा. काही दिसणार नाही."

"मुद्दामच पाडल्यासारखे दिसतायत," बेकरीवाल्याने भर घातली. "आजकाल लोकांचा काही भरवसा नाही."

मालकीणबाईंनी सगळ्यांकडे बघून घेतलं आणि काठी चष्मेवाल्यांकडे वळवली. "तुम्ही सेक्रेटरी. तुम्ही सांगा. जुने की नवे?"

सवयीने चष्मेवाल्यांचं तोंड उघडलं. "सगळ्यांचं असं म्हणणं आहे की…" ते एवढं म्हणाले आणि त्यांची नजर खड्ड्यात गेली. पाण्याच्या कडेला खडीत एक काचेचा तुकडा अडकला होता. कशाचाही असेल, बाटलीचाही असेल. पण त्यांना बायको दिसली, जमिनीवर बसलेली, चष्म्यावाचून डोळे बारीक करून डबा कुठे गेला ते चाचपणारी. त्या दिवशी तिला उचलताना त्यांनी आधी इकडेतिकडे बघून घेतलं होतं, कोणी पाहत तर नाही ना म्हणून. ते आठवलं आणि त्यांना स्वतःचीच अशी शिसारी आली की पुढचं वाक्य आपोआप बाहेर पडलं.

"जुने आहेत. माझी बायको यात पडली."

"वहिनी तर जिन्यावरून पडल्या ना?" बेकरीवाला म्हणाला.

"नाही. इथे पडली. जिना मी सांगितला." त्यांचा आवाज चढला होता. आपला आवाज इतका मोठा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. "आणि ही गाड्या लावायची अक्कल माझीच. इंजिनियर आले तेव्हाही माझी गाडी यावरच होती. थर दिलात तर वर्षभरात पुन्हा हेच होईल. सगळं उखडा."

डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत होते. मग ड्रायक्लीनिंगवाल्या बाई हळूच म्हणाल्या, "माझी आईसुद्धा इथेच पडली होती. मी सांगितलं, बाथरूममध्ये घसरली." बेकरीवाला चुळबुळला. "आमच्या मामांचा पाय…" त्याने सुरुवात केली आणि बाकीचं गिळलं, पण कळायचं ते कळलं. त्या सेंटरमधल्या लोकांच्या घरांत जिने, बाथरूम आणि अंगणं यांची किती विनाकारण बदनामी झाली होती, ते त्या सकाळी बाहेर आलं.

मालकीणबाई चष्मेवाल्यांकडे बघत होत्या. त्या रागावल्या होत्या, पण त्यांना वाईटही वाटलं होतं. "माझ्या जागेत पडली, पाय मोडून घेतला, आणि मला एक शब्द नाही?" त्या म्हणाल्या. "एकदाच करीन म्हटलं होतं ना? मग असंच करू. खणा." डॉक्टरांनी महिनाभर धंदा बुडेल असं काहीतरी सुरू केलं. मालकीणबाईंनी ते ऐकून घेतलं नाही.

चष्मेवाले भरदुपारी घरी गेले. बायको खिडकीशी मटार सोलत बसली होती. त्यांनी बूटही काढले नाहीत. "सांगितलं मी. तू कुठे पडलीस ते."

तिचे हात थांबले. "कुणाला?"

"सगळ्यांना. मालकीणबाईंना, डॉक्टरांना, रोलरवाल्याला. रोलर बंद होता, सगळ्यांना ऐकू गेलं." त्यांचा आवाज फुटला. "मी तुला त्या दिवशी आधी उचलायला हवं होतं गं. मी आधी कोणी बघतंय का ते बघितलं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "चष्मा पडला होता, तरी तेवढं दिसलं मला." तिने शेंगा बाजूला ठेवल्या, पदराने डोळे पुसले, आणि म्हणाली, "उद्या येते दुकानात."

"अगं, उद्या कुठे? उद्यापासून सगळं खणून ठेवलेलं असेल. फळ्यांवरून चालावं लागेल. महिना जाऊ दे, नवं झालं की ये."

"नव्यात काय बघायचंय? तुम्ही हात धरा म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी ते दोघं फळ्यांवरून, एकमेकांचा हात धरून, सगळ्यांच्या देखत दुकानात आले. मशीन डांबराचे लांबच लांब तुकडे उचलून गाडीत टाकत होतं. गिऱ्हाईक असं नव्हतंच. जे कोणी आले ते तिची चौकशी करायला आले. बेकरीवाला आला, ड्रायक्लीनिंगवाल्या बाई आल्या, शेवटी डॉक्टरही आले, आणि प्रत्येक जण विचारत होता, "आता पाय कसा आहे?"

आणि ती आतल्या खोलीतून बाहेर येऊन, प्रत्येकाला दारातून बोट दाखवून सांगत होती, "तिथे पडले मी. ते मशीन उभं आहे ना, तिथे." चष्मेवाले काउंटरवर फ्रेमा पुसत होते. ती सांगून झाली की ते मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "हो. तिथेच."